काटा कशाला?

हा प्रश्न मला या आठवड्यात मेकॅनिकनं विचारला, बायकोनं विचारला, मीटर विकणाऱ्या दुकानदारानंसुद्धा विचारला (गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना!), आणि शेजारच्या तात्यांनी तर त्याचं पालुपदच करून टाकलं.

मामला तसा किरकोळ. माझ्याकडे जुनी एमएम ५४० जीप आहे. तिच्या डॅशबोर्डवर टेंपरेचरचा मूळ काटा आहे, पण त्यावर आकडे नाहीत. एका टोकाला इंग्रजी सी, दुसऱ्या टोकाला एच. गार किंवा गरम. मधलं काय ते आपण ओळखायचं. त्यात वयोमानानं तो काटा हल्ली मधेच कुठंतरी डुलक्या घेतो. डिझेल इंजिन जास्त तापून हेड वाकलं की खिशाचं काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. म्हणून आकडेवाला नवा मीटर आणला, ४० ते १२० अंशांचा.

मीटरबरोबर पितळी सेन्सर येतो, तो इंजिनात पाण्याच्या वाटेवर बसवायचा. त्याचे आटे एक सूत (म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा) मापाचे, अमेरिकन पद्धतीचे, टोकाकडं निमुळते. जीपचं इंजिन मूळ प्यूजोच्या आराखड्याचं, म्हणजे भोकं मिलिमीटरची. हे लग्न उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं लावून दिलं. कॅलिपर लावला, पितळेचा तुकडा चकमध्ये धरला, बघता बघता दोन्हींच्या मध्ये बसणारा बुश कातून हातात ठेवला. तांब्याच्या वॉशरसह तो असा चपखल बसला की बघत राहावं. आणि त्यानं 'काटा कशाला' विचारलं नाही. या अख्ख्या प्रकरणात शहाणा माणूस तेवढा एकच.

आता तात्या.

तात्यांचं नळ-पाइपांचं दुकान आहे. ते आता मुलगा बघतो, त्यामुळं तात्या आमचं पार्किंग बघतात. मी बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत त्यांची प्लास्टिकची खुर्ची येते, पाठोपाठ तात्या येतात, मग माझ्याच घरातून त्यांच्यासाठी चहा येतो.

"काय बसवतायसा, मास्तर?"

"टेंपरेचर मीटर."

"काटा कशाला?"

"इंजिन किती तापलंय ते कळावं म्हणून."

"कळून काय करणार?"

"जास्त तापलं तर थांबणार."

"आणि काटा न्हवता तवा?"

"तेव्हा वाफ आल्यावर थांबायचो."

"म्हंजे थांबत हुतासाच की!"

यावर काय बोलणार? मी पाना उचलला.

"आमच्या थोरल्या भावाचा ट्रक हुता. मुंबई-बेंगलोर मारायचा. जन्मात कधी काट्याकडं बघितलं न्हाई त्यानं."

"मग?"

"मग काय? दोनदा इंजन उतरवलं," तात्या अभिमानानं म्हणाले.

मला राग याचा नाही की तात्यांना मीटर नको आहे. राग याचा आहे की हेच तात्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज पहाटे सोसायटीच्या ग्रुपवर पंचगंगेची पातळी टाकतात. 'राजाराम बंधारा ३६ फूट ४ इंच. पातळी स्थिर.' तासानं पुन्हा, 'एक इंच वाढ.' कोल्हापुरात लहान पोरालाही ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे पाठ असतं. २०१९ साली पाणी ४३ ओलांडून कितीतरी वर गेलं, शिरोलीपाशी महामार्ग बंद झाला, तेव्हा अख्खं शहर एका पट्टीवरच्या आकड्याकडं डोळे लावून बसलं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही, पट्टी कशाला, घरात पाणी आलं की कळेलच.

पण नदी सोडली तर आपल्याकडं आकडा विचारणं म्हणजे भोचकपणा. नळाला पाणी कधी येणार? "येईल की." लिफ्ट कधी सुरू होणार? "हुईल की." परवा एका दवाखान्यात रक्तदाब मोजून घेतला, किती म्हणून विचारलं, तर "ठीक आहे" एवढंच. अहो, दंड माझा, दाब माझा, पैसे माझे! आकडा सांगायला काय जातं? पण नाही. समोरच्याला आकडा कळला की तो पुढचा प्रश्न विचारणार, आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार. त्यापेक्षा सी आणि एच बरं.

असो. सेन्सर बसवला, पान्यानं घट्ट केला, आणि वायरीच्या टोकाला लावायचं थिंबल वर राहिलं होतं ते आणायला गेलो. परत आलो तर तात्या खुर्चीत, चेहऱ्यावर गूढ समाधान. वायर जोडली, इंजिन सुरू केलं. काटा ४० वर. गावात एक फेरी मारली. ४० वर.

"बघा, गार हाय इंजन. उगं काळजी करतासा," तात्या म्हणाले.

रविवारी पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायची म्हणून निघालो. तात्या पुढच्या सीटवर, कारण ट्रायलला अनुभवी माणूस पाहिजे. वाघबिळापर्यंत काटा ४० वर. चढ लागला, दुसरा गिअर, वर मे महिन्याचं ऊन, काटा ४० वर. मला जरा खटकलं, कारण त्या उन्हात नुसती उभी जीपसुद्धा चाळीसच्या आसपास असेल. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून पांढरा फवारा आला.

"वाफ आली," तात्या शांतपणे म्हणाले. "थांबा आता."

मी जीप कडेला घेतली. तात्या रुमाल गुंडाळून रेडिएटरचं टोपण उघडायला पुढं सरसावले आणि मी आयुष्यात प्रथमच एका ज्येष्ठ नागरिकावर खेकसलो. ते टोपण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी आत उकळत नाही. टोपण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उसळून अंगावर येतं. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. तात्या दुखावले. आम्ही दोघं कठड्यावर दोन टोकांना बसून इंजिन गार व्हायची वाट बघत राहिलो. शेजारून तरुण पोरं बुलेटवरून जाताना "काका, गरम झाली काय?" विचारत होती. नाही रे बाबांनो, आम्ही वाफारा घ्यायला थांबलोय.

घरी येऊन सेन्सरची वायर काढली आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. काटा सपकन १२० वर! म्हणजे मीटर शाबूत, वायर शाबूत. या सेन्सरला वायर एकच असते. दुसरी वायर म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. आटे लोखंडाला भिडले की अर्थ (म्हणजे अर्थिंग) मिळतो, पाणी तापेल तसा सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो आणि काटा चढतो. इथं अर्थच मिळत नव्हता. सेन्सर खोलला.

आट्यांवर पांढरीशुभ्र टेफ्लॉन टेप. एखाददुसरा वेढा नव्हे, चांगलं बँडेज. बुशलाही तेच. मी उलगडत गेलो, ती संपेचना. थिंबल आणायला वर गेलो होतो तेवढ्या वेळात या माणसानं दोन्ही खोलून, खिशातली टेप गुंडाळून, परत आवळून ठेवलं होतं.

"तात्या, हे काय?"

"टेप. आटा म्हटल्यावर टेप पायजेच."

"तात्या, टेपमधून करंट जात नाही. तिच्यामुळं काटा हलत नव्हता!"

तात्यांनी क्षणभर विचार केला.

"पण गळलं का?"

नव्हतं गळलं. एक थेंबसुद्धा नाही.

पुढचं भराभर सांगतो. टेप काढली, आटे तारेच्या ब्रशनं घासले, काटा हलायला लागला. रेडिएटर खोलून घेतला तर निम्म्या नळ्या क्षारानं चोंदलेल्या. त्या साफ झाल्यापासून काटा ८२च्या आसपास असतो, चढावर जरा वर जातो, उतरला की खाली येतो. मी खूश होतो. काल सकाळी जीपमध्ये बसेपर्यंत.

मीटरच्या काचेवर ९५ आणि १०५ पाशी दोन ठसठशीत लाल रेघा. तात्यांच्या नातीचं नेलपॉलिश.

"९५ला इशारा, १०५ला धोका," गॅलरीतून आवाज आला. "लक्षात राहत न्हाई माणसाच्या."

ती काच प्लास्टिकची आहे. नेलपॉलिश काढायचं द्रावण लावलं तर रेघ जाईल, पण सगळी काचही पांढुरकी होऊन बसेल. म्हणून रेघा तशाच आहेत. आणि आज संध्याकाळी मी बाजारातून परत आलो, जीप लावली, किल्ली काढायच्या आत तात्या खिडकीत डोकावून गेले. वर पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर संदेश पडला होता.

'मास्तरांची जीप ८४ अंश. दोन अंशांनी वाढ. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.'