टिंबामागचा संसार

मला टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याआधी दिसणाऱ्या मजकुरात, फक्त गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चालू ब्रँचचं, म्हणजे शाखेचं नाव हवं होतं. हिरव्या रंगात. मागणी काही राजवाड्याची नव्हती.

लिनक्समध्ये असले लाड पुरवले जातात ते होम फोल्डरमधल्या '.बॅशआरसी'सारख्या सेटिंगच्या फाइलींत. (बॅश म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारं शेल.) नावाआधी टिंब, म्हणून त्या एरवी दिसत नाहीत. ही गुप्तताही ठरवून आलेली नाही म्हणे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात फाइलींच्या यादीतून 'टिंब' (चालू फोल्डर) आणि 'टिंब-टिंब' (त्याच्या वरचा फोल्डर) या दोन नोंदी गाळायच्या होत्या. कोड लिहिणाऱ्याने पहिलं अक्षर टिंब आहे का, एवढंच बघितलं, असं युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक सांगतात. त्या आळसाच्या आडोशाला आज माझा अख्खा संसार आहे.

तर रंग. प्रॉम्प्ट ठरवणाऱ्या 'पीएस१'मध्ये एस्केप, चौकटी कंस, ३२ आणि एम लिहिलं की हिरवा. झाला हिरवा! मग मी एक लांबलचक कमांड टाइप करायला घेतली. ती कडेपर्यंत गेली आणि खाली उतरण्याऐवजी त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन स्वतःच्याच अंगावर चढली. वरचा बाण दाबला, तर जुन्या कमांडचं शेपूट नव्या कमांडला चिकटलेलं. बॅकस्पेस दाबावा तर पुसलं जातंय ते दिसेना आणि दिसतंय ते पुसलं जाईना.

कारण काय, तर रंगाची अक्षरं पडद्यावर जागा अडवत नाहीत, हे बॅशला आपणहून कळत नाही. ते त्यांचीही लांबी धरून बसतं. 'यांना मोजू नकोस रे बाबा' हे सांगायला पुढेमागे बॅकस्लॅश आणि चौकटी कंस घालायचे. म्हणजे कंसातल्या कंसाला कंस. ती ओळ आता मला वाचता येत नाही. चालते, म्हणून हात लावत नाही.

लॉगिन करताना सुरू होणारं शेल '.बॅशआरसी' वाचत नाही, '.बॅश_प्रोफाइल' वाचतं, हा वेगळाच मनस्ताप. त्याबद्दल बोलायला लागलो तर चहा गार होईल.

कंट्रोल-एसबद्दल मात्र बोलायलाच हवं. जगात सगळीकडे ते सेव्ह करतं. टर्मिनलमध्ये ते पडदा गोठवतं. टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या टाइपरायटरच्या जमान्यातला 'थांब' हा निरोप अजून इमानेइतबारे पाळला जातोय. पडदा ढिम्म, म्हणून आपण चिडून कळा बडवतो. मग कोणीतरी कंट्रोल-क्यू सुचवतं, आणि बडवलेलं सगळं, मधल्या एंटरांसकट, एका दमात कमांड म्हणून चालतं. हे गोठवणं बंद करणारी 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ मी त्याच दिवशी फाइलीत घातली.

पुढे विम या एडिटरसाठी कॅप्स लॉकच्या जागी एस्केप बसवलं. सोय म्हणजे काय सोय! परवा धाकटा भाऊ मशीनवर बसला. "दादा, तुझं कॅप्स लॉक मेलंय." मग, "दादा, फाइली बघायला एलएस म्हटलं तर हे चित्रविचित्र काय येतंय?" मी समजावायला सुरुवात केली, तेवढ्यात त्याने आपला फोन काढला.

या सगळ्या फाइली मी गिटमध्ये ठेवतो, इतिहास जपावा म्हणून. इतिहास असा आहे: 'प्रॉम्प्टचा रंग बदलला'. 'रंग पूर्ववत'. 'प्रॉम्प्ट दोन ओळींचा केला'. 'एका ओळीचा केला'. 'शेवटचा बदल'. 'शेवटच्या बदलातली दुरुस्ती'. 'प्रॉम्प्टचा रंग बदलला'.