‘फ्लॅटमध्ये गिटार होतच नाही’ या मेसेजला उत्तर

गिटार शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हळू आवाजात वाजवून हात बसत नाही, बोटं कच्ची राहतात. घरी वाजवायचंच तर भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवा. इलेक्ट्रिक गिटार फ्लॅटमध्ये नकोच. आणि रात्री दहापर्यंत कायद्यानं कुणी अडवू शकत नाही, तेव्हा शेजाऱ्यांना विचारत बसू नका.

मी नागपुरात गिटार शिकवतो. माझे बहुतेक विद्यार्थी मनीषनगर, त्रिमूर्तीनगरकडच्या फ्लॅट स्कीममध्ये राहतात. हा मेसेज वाचून काही पालकांनी ‘सर, मग क्लास बंदच करायचा का?’ असं विचारलं, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा बोटांचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं. गिटारचा आवाज मोठा होतो तो उजव्या हातानं, तार किती जोरात छेडली त्यावर. डावा हात फक्त तार फ्रेटपाशी, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी, दाबतो. ती दाबायला लागणारा जोर आवाज लहान असो की मोठा, तेवढाच. मग हळू वाजवल्यानं बोटं कच्ची राहतील कशी? उलट नवशिके गरजेपेक्षा जास्तच दाबतात आणि मनगट दुखवून घेतात. सी वरून एफ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) जायचा सराव तर उजवा हात न लावताही होतो: बोटं ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, कानात.

आवाज हवा पण कमी हवा, तर भांडी घासायच्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापा आणि तारांखाली, ब्रिजला (पेटीवर तारा जिथे टेकतात ती पट्टी) अगदी लागून सरकवा. जाडी इतकीच, की पट्टी तारांना खालून टेकेल पण त्यांना उचलणार नाही. उचलल्या तर सूर चढतो. आता प्रत्येक सूर ‘टक्’ करून लगेच विझेल, तरी कोणता सूर आहे ते नीट कळेल. तारांची गुंजन संपली की लयीतला कच्चेपणा लपायला जागाच उरत नाही, दोन ठोक्यांतलं कमीजास्त अंतर लगेच कानाला टोचतं. मला हा सराव मनापासून आवडतो. याला मर्यादाही आहे. व्हायब्रेटो (सुराला दिलेली थरथर), लांब टिकणारा सूर, नको असलेली तार बंद ठेवणं, हे स्पंज लावून शिकता येत नाही. त्यासाठी रोज दहा-पंधरा मिनिटं मोकळी गिटार हवीच. पण तासभर नको.

अंड्याच्या ट्रेंचं खूळ कधी संपणार कोण जाणे. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. ट्रे खोलीतला प्रतिध्वनी थोडा कमी करतात, तोही वरच्या सुरांचा. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात. कागदी लगद्याच्या ट्रेला वजनच नाही. वर तो सुका कागद, ठिणगी पडली की पेटणारा. आपल्याकडे तर एप्रिल ते जून कूलर चालतो, आणि कूलरची हवा खेळायला समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. आवाज त्या खिडकीतून जातो, भिंतीवर काहीही लावा. शिवाय कूलरच्या घरघरीत आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून हात नकळत जड होतो. त्यापेक्षा खिडकीकडे पाठ करून, कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे किंवा गादीकडे तोंड करून बसा. दाराखालची फट रबरी पट्टीनं बंद करा. पातळ पिक (तार छेडायची छोटी चकती) घ्या किंवा बोटांनी वाजवा. पायानं ताल धरत असाल तर खाली जाड सतरंजी टाका. खालच्या मजल्यावर गिटारपेक्षा टाचच जास्त ऐकू जाते.

इलेक्ट्रिकबद्दलचं म्हणणं तर साफ उलटं आहे. सॉलिड बॉडीच्या, म्हणजे भरीव लाकडाच्या, इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पेटीच नसते. अ‍ॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याला) न जोडता वाजवली तर दार लावल्यावर शेजारच्या खोलीतही जेमतेम ऐकू येते. सरावाच्या बहुतेक छोट्या अ‍ॅम्पना हेडफोनची जागा असते, तिथे हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो. रात्री उशिरा वाजवायचं असेल तर अकूस्टिकपेक्षा, म्हणजे पोकळ पेटीच्या साध्या गिटारपेक्षा, हीच सोयीची. फक्त हेडफोनचा आवाज आवरा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आठवड्याला 40 तासांपर्यंतच सुरक्षित.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 दरम्यान 45 डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे दिवसालाही मर्यादा आहेच. ‘दहापर्यंत काहीही चालतं’ असं त्यात कुठेही नाही.

आणि शेजाऱ्यांना विचारू नका, हा सल्ला कुणी देऊच कसा शकतं? नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार अर्धी स्कीम झोपलेली असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाच्या तरी घरी दहावी-बारावी असते. हे नियमांत लिहिलेलं नसतं, विचारल्यावरच कळतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं वरच्या मजल्यावरच्या काकूंना सरळ विचारलं, ‘काकू, मी कधी वाजवलं तर तुम्हाला त्रास नाही होणार?’ काकांची नाइट ड्यूटी असते, ते पाचपर्यंत झोपतात, हे तिला तेव्हा समजलं. आता ती साडेपाचला बसते. स्पंज काढून.