एचआयव्ही बरा करणारे औषध दडवून ठेवले आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एचआयव्हीच्या उपचारांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की चाळीस वर्षांनंतरही रुग्णाला जन्मभर गोळी घ्यावी लागत असेल तर त्याला प्रगती म्हणू नये, आणि रोग समूळ बरा करणारे औषध कंपन्यांनी नफ्यासाठी दडवून ठेवले आहे. नफेखोरीवरचा आपला राग मला पटतो. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही.

हा विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःची जनुकीय प्रत त्या पेशीच्याच डीएनएमध्ये गुंफतो, आणि अशा काही सीडी४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) पुढे वर्षानुवर्षे निष्क्रिय राहतात. आजची औषधे विषाणूची वाढ रोखतात. जिथे वाढच होत नाही तिथे ती काय रोखणार? म्हणूनच गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परततो. अमेरिकेतील मिसिसिपीत एका बाळावर जन्मानंतर तीस तासांच्या सुमारास उपचार सुरू झाले होते. पुढे ते थांबल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता, आणि तरीही २०१४ मध्ये तो पुन्हा दिसला. टिमोथी रे ब्राउन हे एचआयव्हीबाधित अमेरिकी रुग्ण खरोखर बरे झाले, पण ते रक्ताच्या कर्करोगासाठी कराव्या लागलेल्या मूलपेशी प्रत्यारोपणामुळे, आणि तेही दात्याच्या पेशींवर सीसीआर५ हे विषाणूला आत घेणारे प्रथिन जन्मतःच नसल्यामुळे. हे सारे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले आहे. त्या प्रत्यारोपणात जिवाला एवढा धोका असतो, की रोजच्या एका गोळीवर ठणठणीत असलेल्या माणसाला तो पत्करायला लावणे कोणत्याही डॉक्टरला योग्य वाटणार नाही.

नफ्याचा मुद्दा वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. १९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार उपलब्ध होता, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या पुढे असल्याने आफ्रिकेत माणसे औषधाविना मरत राहिली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला, आणि खुद्द औषधावर नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट देणारा तेव्हाचा भारतीय कायदा नसता तर ते शक्यच झाले नसते. आज लेनाकापाविर या संसर्ग टाळणाऱ्या, वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनबाबत तसेच घडते आहे: अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरांहून अधिक आहे, आणि ज्या ब्राझीलमधील लोक त्याच्या चाचणीत सहभागी झाले, तो देश कंपनीने ज्यांच्यासाठी स्वस्त उत्पादनाचा परवाना दिला आहे त्या देशांच्या यादीत नाही. आपला राग इथे लावा, मी आपल्यासोबत आहे.

आपल्याकडे एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांत औषध मोफत मिळते, आणि आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन व डोल्युटेग्राविर यांची मिळून एकच गोळी पुरते. तरीही लोक उपचार अर्धवट सोडतात. ओळखीचे कुणी भेटेल या धास्तीने काहीजण जवळचे केंद्र टाळून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर जातात, घरी येण्यापूर्वी बाटलीवरचा कागद खरवडून काढतात, आणि लग्नकार्याला चार दिवस पाहुणे आले की गोळ्या चुकतात. २०१७ च्या कायद्याने नोकरीत, घर भाड्याने घेताना आणि रुग्णालयात भेदभावाला मनाई केली आहे, पण सासरच्या स्वयंपाकघरात तो कायदा पोहोचत नाही. माझ्या मते आज सर्वांत मोठा अडथळा हा भेदभाव आणि त्याची धास्ती हाच आहे.

म्हणून एक विनंती. प्रतिक्रियेच्या शेवटी आपण लिहिले आहे, ‘मग या गोळ्या घेऊन उपयोग काय?’ नियमित गोळ्यांनी ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा होतो आणि तसाच राहतो, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, आणि तो इतरांइतकेच दीर्घ आयुष्य जगण्याची आशा बाळगू शकतो. उपचार घेणारे काही वाचक इथे येतात आणि प्रतिक्रियाही वाचतात. तेवढे एक वाक्य आपण कृपया मागे घ्यावे.