हरकत लिहिण्याआधी पाहणीचा हंगाम तपासा

कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट पठारावर, खाण प्रस्तावित झाली की ‘निसर्ग वाचवा’ अशा आशयाचा एकच मजकूर सगळीकडे फिरू लागतो आणि शेकडो लोक त्याखाली आपले नाव घालून तो पाठवून देतात. भावना खरी असते. परंतु असे अर्ज माझ्या मते जवळजवळ वाया जातात, कारण ‘पर्यावरणाची योग्य ती काळजी घेतली जाईल’ या एका ओळीत त्या सगळ्यांची बोळवण करता येते.

प्रकल्पाचा पर्यावरणावर होणारा परिणाम आधी अभ्यासून त्याचा अहवाल देण्याविषयीच्या 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, त्यांच्या सुनावणीत मांडल्या गेलेल्या पर्यावरणविषयक महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल अंतिम अहवालात घेणे प्रकल्पधारकावर बंधनकारक आहे. मुद्दा जितका नेमका, तितके त्याला बगल देणे अवघड. सुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस असते आणि मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. त्याचा मराठी सारांश वाचून थांबू नये. वनस्पती व प्राण्यांच्या याद्यांचे परिशिष्ट काढून ती पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, हे सर्वांत आधी पाहावे.

खाणींच्या अभ्यासासाठी ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींमध्ये पावसाळा वगळून एका हंगामाची पाहणी पुरेशी मानलेली आहे, आणि सड्याच्या बाबतीत नेमकी हीच गोम आहे. एप्रिलमध्ये तिथे तापलेला जांभा आणि करपलेले गवत याखेरीज फारसे काही दिसत नाही (सातबाऱ्यावरही अशी जमीन बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशीच असते). पहिल्या सरींनंतर मात्र त्याच कातळावर दिपकाडीची पांढरी फुले उभी राहतात, पुढे ओलसर खळग्यांमध्ये सीतेची आसवे, दवबिंदू आणि गेंद फुलतात, साचलेल्या पाण्यात बेडकांची अंडी दिसू लागतात. उन्हाळी पाहणीच्या यादीत यातले बहुतेक काही येतच नाही.

म्हणून हरकतीत एवढेच लिहावे की पाहणी अमुक महिन्यांत झालेली आहे, त्यामुळे फक्त पावसाळ्यात आढळणाऱ्या जातींची नोंद झालेली नाही, तरी जून ते सप्टेंबर या काळात फेरपाहणी केल्याशिवाय प्रस्तावावर निर्णय घेऊ नये. सोबत गट क्रमांक आणि तारीख नमूद केलेली छायाचित्रे जोडावीत. कास पठाराची देखणी छायाचित्रे जोडण्याचा मोह मात्र आवरावा. दुसऱ्याच पठाराचा पुरावा दिला, की आपल्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो.

सुनावणीला जाता आले नाही तरी लेखी हरकत देता येते. तिची पोच अवश्य घ्यावी. मंजुरी मिळालीच, तर 2010 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्यासाठी सर्वसाधारणपणे 30 दिवस मिळतात, आणि हा मुद्दा वेळेवर मांडला होता हे तिथे दाखवायला ती पोच लागते.