कागद गिरणीचा हिरवेपणा बांबूच्या दरातही तपासावा

कागद उद्योगाचे पर्यावरणविषयक सगळेच दावे पोकळ आहेत, असे मी म्हणणार नाही. लगदा शिजवल्यावर उरणारा काळा द्रव मोठ्या गिरण्या आटवून बॉयलरमध्ये जाळतात; त्यातून वाफ आणि वीज मिळते, शिवाय रसायनेही परत हाती येतात. ब्लीचिंगला (लगदा पांढरा करायला) क्लोरीन वायूऐवजी क्लोरीन डायऑक्साइड आल्यापासून डायॉक्सिनचे विष पुष्कळ घटले. मात्र हा सारा हिशेब गिरणीच्या कुंपणाआतला आहे; माझा आक्षेप कच्च्या मालाबद्दल आहे.

आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना फार लांब जायला नको. कारवारला समुद्राला मिळणाऱ्या काळी नदीच्या काठी, वर दांडेलीला, कागद गिरणी आहे. तिला सरकारी जंगलातला बांबू एकेकाळी टनाला दीड रुपया दराने मिळत असे. पुढे बांबू संपत चालला, तेव्हा १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्याचा अभ्यास केला. बांबूची बेटे नीट वाढावीत म्हणून बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ केले जाई (याला शास्त्रीय व्यवस्थापन म्हणत!) आणि उघडे पडलेले कोवळे कोंब गुरे, वानरे व साळिंदरे फस्त करीत. काट्यांचे हे काम गावकऱ्यांना ठाऊक होते. त्यांना विचारले कोणी नव्हते. आणि दीड रुपयात मिळणाऱ्या मालाची चिंता गिरणीने तरी का करावी?

याउलट आमच्याकडचा माणगा जातीचा बांबू शेताच्या बांधावर टिकून आहे, कारण त्याची काठी नगावर विकली जाते. म्हणून शेतकरी जून काठीच तोडतो, कोवळी राखतो आणि बुडाशी मातीची भर देतो. उद्योगांनी कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा, असे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीतच म्हटले आहे. २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतूनही वगळला गेला, म्हणजे शेतकऱ्याकडून तो घेण्यातली कायद्याची अडचणही कमी झाली. तेव्हा गिरण्यांनी आपल्या पर्यावरण अहवालात पाण्याविजेच्या आकड्यांशेजारी, शेतकऱ्याच्या हाती टनामागे किती रुपये पडले, तोही आकडा छापावा. रोपवाटपाचे फोटो पुष्कळ झाले.

आपल्याकडेही उद्या कोणी लगद्यासाठी माणगा टनावर मागायला आला, तर तोडणी आणि वाहतूक कोणाच्या अंगावर व दर किती वर्षांसाठी बांधलेला, हे आधी लेखी घ्यावे. नगाच्या भावाशी ते जुळत नसेल, तर काठी नेहमीच्या व्यापाऱ्यालाच द्यावी.