पेल्यातून जनुक येत नाही

‘देशी गाईचं दूध सहा महिने रोज प्या, जनुक बदलतं आणि दूध पचू लागतं. आपल्या पूर्वजांनी हेच केलं.’ हा फॉरवर्ड कोथरूडला मावशीपर्यंत पोचला आणि जुलाबातून नुकतीच उठलेली ती रोज दोन पेले दूध घेऊ लागली.

दूध पिऊन कुणाचंही जनुक बदलत नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे लॅक्टेज, ते लहान आतड्यात बनतं. बहुतेकांत ते बालपणानंतर उतरत जातं. काहींच्या डीएनएत लॅक्टेजच्या जनुकाआधी 13,910 अक्षरांवर ‘सी’ या अक्षराऐवजी ‘टी’ असतो, त्यांच्यात ते मोठेपणीही बनत राहतं. हा टी आईबापांकडून मिळतो. पूर्वजांपैकी कुणाचा सी दूध पिऊन टी झाला नाही. जिथे दुधावर गुजराण होती तिथे टी असलेल्यांची जास्त मुलं जगली, आणि अशा शेकडो पिढ्या गेल्या. ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये 2012 साली आलेल्या मोठ्या भारतीय अभ्यासात हेच दिसतं: टी गुरं राखणाऱ्या समाजांत जास्त, आणि वायव्येकडून आग्नेयेकडे कमी होत जाणारा. तो युरोपातल्या टीशी एकाच मुळाचा आहे, हेही त्यातच आहे.

सवयीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. रोज थोडं थोडं घेतलं की मोठ्या आतड्यातले जीवाणू सरावतात, गॅस कमी होतो. पण सरावतात ते जीवाणू, जनुक नाही.

‘देशी’चं तर सोडाच. देशी दुधाच्या नावाने सांगतात तो ए1-ए2 हा फरक केसिन या दुधातल्या प्रथिनाच्या 67व्या जागेचा, लॅक्टोजचा नाही. लॅक्टोज देशी असो की जर्सी, 200 मिलीत साधारण 10 ग्रॅमच.

पूर्वजांचं म्हणाल तर ‘महाराष्ट्रात गुरं हजारो वर्षांची’ हे मान्य. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या गुरांची हाडं मिळाली आहेत. पण गुरं पाळली म्हणजे पेला भरभरून दूध प्यायलं असं होत नाही; दुधाचं दही, चक्का, तूपही करता येतं. दूध विरजलं की जीवाणू काही लॅक्टोज खातात, उरलेलं फोडायला आतड्यातही मदत करतात. चक्का फडक्यात टांगला की बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर गळून जातं, आणि तुपात ते जवळपास नसतंच.

मावशी, जुलाबात आतड्याचं अस्तर दुखावतं, लॅक्टेज काही दिवस, कधी काही आठवडे उतरतं. तोवर ताकभात खा. मग अर्धा पेला दूध, तेही जेवणासोबत, उपाशीपोटी नको. तरीही पोट फुगलं तर लॅक्टोज पचतं का ते पाहायला डॉक्टरांना श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी विचार.