एल्डन रिंग नव्याने सुरू करताय? तो मेसेज बाजूला ठेवा

फोंडा, डिचोली, म्हापशाच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘एल्डन रिंग खेळायची खरी रीत’. तलवारी-जादूच्या या अवघड व्हिडिओ गेमसाठी त्यात नवशिक्यांना पाच हुकूम दिले आहेत. सुरुवात ‘रेच’ याच पात्राने करा. ढाल फेकून द्या. मिळेल ती प्रत्येक लेव्हल (म्हणजे पात्राचा एक गुण वाढवायची संधी) ताकदीत घाला, ‘व्हिगर’वर वाया घालवू नका. जादू, आत्मे, सोबती यांची मदत घेणं म्हणजे फसवणूक. आणि समोर आलेला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पडेपर्यंत तिथून हलायचं नाही. शेवटी लिहिलंय की हे झेपत नसेल तर डिस्क विकून टाका.

ही शेवटची ओळ मुलं खरी मानतात, म्हणून उत्तर द्यायला बसलो. चतुर्थीला गावच्या घरी भावंडं जमतात, कोणीतरी पणजीहून कन्सोल घेऊन येतो, आरत्या आटोपल्या की तो टीव्हीला जोडला जातो. असला गेम पहिल्यांदाच हातात घेतलेला मुलगा दोन संध्याकाळी नुसता मरत राहतो आणि ‘आपल्याला नाही जमायचं’ म्हणून उठतो. त्याला जमलं असतं. मेसेज वाचून त्याने स्वतःचेच हात बांधून घेतले होते.

सगळ्यात जास्त नुकसान व्हिगरबद्दलच्या हुकमाने होतं, म्हणून आधी तोच घेतो. व्हिगर म्हणजे तुमचं आयुष्य, पडद्यावरची लाल पट्टी. मेसेजचं म्हणणं असं, की चांगल्या खेळाडूला घाव लागतच नाही, मग लाल पट्टी वाढवून काय करायचं? पण नवशिक्याला घाव लागणारच, तो त्यासाठीच तर नवशिका. आता आकडे बघा. व्हिगर 15 असताना आयुष्य 522. तेच 25 केलं की 800. आणि 25 वरून 40 वर नेलं की थेट 1450. म्हणजे या टप्प्यात दर लेव्हलमागे मिळणारी वाढ आधीपेक्षाही जास्त आहे. वेग मंदावतो तो 40 च्या पुढे: 60 ला 1900, आणि तिथून 99 पर्यंत सगळं ओतलं तरी फक्त 2100. गेम बनवणाऱ्यांनीच पहिल्या चाळिसांत एवढं भरभरून दिलंय, ते नाकारण्यात कसला पुरुषार्थ?

उलट सुरुवातीला ताकदीत घातलेल्या लेव्हलचा फरक जाणवतही नाही. शस्त्राचा मार वाढतो तो मुख्यतः शस्त्र घडवून. ‘चर्च ऑफ एले’मध्ये, अगदी पहिल्या काही मिनिटांत सापडणाऱ्या त्या पडक्या चर्चमध्ये, एक ऐरण आहे. पहिल्या दर्जाचे ‘स्मिदिंग स्टोन’ दिले की साधं शस्त्र तिथेच +3 पर्यंत जातं. दगड लागतात 2, मग 4, मग 6. हे दगड ‘लिमग्रेव्ह टनेल्स’ या खाणीच्या भिंतींत चमकताना दिसतात. त्या खाणीत एक फेरी मारा आणि लेव्हल व्हिगरला द्या. एका घावात मरणारा मुलगा तीन घाव सोसू लागला, की पहिल्यांदाच त्याला शत्रूची चाल शेवटपर्यंत बघायला मिळते. आणि चाल बघितल्याशिवाय ती ओळखायला कोण शिकेल?

आता ‘रेच’. लेव्हल 1, आठही गुण 10-10, हातात सोटा, अंगावर चिलखत नाही. मेसेज म्हणतो की बाकीची पात्रं आयत्या लेव्हल घेऊन येतात. बेरीज करून बघू. रेचचे गुण 80. लेव्हल 9 ला सुरू होणाऱ्या ‘वॅगाबॉंड’ या पात्राचे 88. आठ लेव्हलचे आठच गुण, म्हणजे आयतं कोणालाच काही नाही. खरा फरक वाटपात आहे. इंटेलिजन्स, फेथ आणि आर्केन या तीन गुणांचा साध्या तलवारवाल्याला सुरुवातीला काहीच उपयोग नसतो. रेचचे त्यात 30 अडकलेले असतात, वॅगाबॉंडचे 25. वाचलेले गुण व्हिगर आणि ताकदीत आहेत. शिवाय लांब तलवार, हॅलबर्ड, ढाल आणि चिलखत पहिल्या मिनिटापासून. रेचच्या पहिल्या लेव्हल स्वस्तात होतात हे मान्य, आणि कुठे कोणतं शस्त्र पडलंय हे पाठ असलेल्याला रेच घेऊन मजाही येते. पण ती मजा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची. पखवाज शिकायला आलेल्या पोराला कोणी पहिल्याच दिवशी भजनी स्पर्धेला बसवत नाही.

निवड चुकेल ही भीतीही नको. पुढे राया लुकेरिया अकॅडमीत रेनाला या बॉसला हरवलं, की ‘लार्व्हल टिअर’ ही वस्तू देऊन वाढवलेले गुण नव्याने वाटता येतात. कटाना आवडला तर ‘सामुराय’ घ्या, जादू आवडली तर ‘अॅस्ट्रॉलॉजर’.

ढाल आणि मदत हे दोन हुकूम मी एकत्र घेतो, कारण दोन्हींमागे एकच समज आहे: गेमने दिलेली वस्तू वापरली की विजय खोटा ठरतो. वॅगाबॉंडच्या ढालीवर साधा घाव पूर्ण अडतो, जातो तो फक्त दम, म्हणजे हिरवी पट्टी. आणि घाव अडवल्या अडवल्या आर-टू बटण दाबलं, की पात्र उलटा जोरदार वार करतं. त्याला ‘गार्ड काउंटर’ म्हणतात. स्टुडिओने हा डाव मुद्दाम घातलाय, ढाल घेणाऱ्याला पुढे सरकायला लावणारा. दोन-तीन बसले की लहान-मोठा शिपाई गुडघ्यावर येतो. यात भित्रेपणा कुठे आहे? एवढंच बघा, की शस्त्र-ढाल-चिलखताचं एकूण वजन पात्राला पेलणाऱ्या वजनाच्या 70 टक्क्यांच्या खालीच ठेवा. वर गेलं तर गडगडणं, म्हणजे लोळून घाव चुकवणं, जड होतं आणि मार खाल.

मदतीचंही तसंच. घोड्याची शीळ मिळाल्यावर पुन्हा चर्च ऑफ एलेला गेलात की टोपीवाली रेना भेटते आणि आत्मे बोलवायची घंटा देते, सोबत तीन लांडगे. लांडगे बॉसला गुंतवतात तेवढ्यात तुम्हाला आयुष्य भरून देणारी बाटली प्यायला श्वास मिळतो. फसवणूक असती तर ही घंटा सुरुवातीच्याच चर्चमध्ये, हातात ठेवून दिली असती का? (रेना चुकली तर राउंडटेबल होल्ड या तळावर घंटा विकत मिळते.) मार्गिट या सुरुवातीच्या मोठ्या बॉसच्या दारापाशी जमिनीवर सोनेरी खूण असते, ती दाबली की रॉजर नावाचा जादूगार तुमच्या बाजूने लढायला येतो. तो गेमचाच माणूस, त्याला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागत नाही. वर्गणी लागते ती दुसऱ्या खऱ्या खेळाडूला बोलवायला. भाऊ-बहिणीकडे असेल तर तेही खुशाल करा.

राहिला पाचवा हुकूम, बॉस पडेपर्यंत हलायचं नाही. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर आल्या आल्या समोर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार फिरताना दिसतो, ‘ट्री सेंटिनल’. मेसेज वाचलेली मुलं तिथेच अख्खी संध्याकाळ घालवतात. त्याच्या बाजूने वळसा घालून निघून जा. तो कुठे जात नाही. गेमचा नकाशा एवढा मोकळा आहे तो परत फिरून यायलाच. मार्गिट जड जात असेल तर पूल ओलांडून दक्षिणेला ‘वीपिंग पेनिन्सुला’त उतरा: तिथले शत्रू हलके, चर्चमध्ये बाटलीचा गुण वाढवणारे ‘सेक्रेड टिअर’, टोकाला ‘कॅसल मॉर्न’. तेवढं फिरून परत याल तेव्हा मार्गिट तोच असेल, तुम्ही मात्र तेच नसाल.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, कन्सोलवाल्यांसाठी सगळ्यात कामाची. वाळपईला माझा मावसभाऊ मार्गिटपुढे पुन्हा पुन्हा पडत होता आणि कळवळून म्हणत होता, “दादा, बटण दाबलं होतं रे मी!” मी पडदा सोडून त्याचा अंगठा बघत बसलो. मार्गिट काठी उचलतो आणि तशीच हवेत धरून ठेवतो. काठी वर गेली की तो गोल बटण दाबायचा आणि घाबरून दाबूनच धरायचा. या गेममध्ये धावणं आणि गडगडणं एकाच बटणावर आहे. दाबून धरलं की धाव, चटकन दाबून सोडलं की गडगड. म्हणजे पात्र गडगडतं ते बटण सोडताना. त्याने बरोबर क्षणी दाबलं तरी सोडायचा उशिरा, आणि काठी डोक्यात. त्याला एवढंच सांगितलं: काठी खाली यायला लागली की टिचकी मारल्यासारखं दाबून सोड.

त्यात टीव्हीनेही भर घातली होती. चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयी चालू असल्या की बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यात उशीर होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावा. प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर असाल तर गेमच्या सेटिंगमध्ये सुबक चित्राऐवजी वेगाला प्राधान्य देणारा पर्याय निवडा. बरीच मुलं स्वतःला मंद समजतात आणि दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो.

पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, आणि लढाई चालू असताना या गेमला साधं पॉज बटण नाही. आईने जेवायला हाक मारली तर ‘ग्रेस’ या सोनेरी प्रकाशाच्या विसाव्यापाशी बसा, मेनूतून ‘क्विट गेम’ करा आणि उठा. मोठ्या लढाईला जाण्याआधीही ग्रेसपाशी बसून हातातले रून्स (शत्रू मारून मिळणारं गेममधलं चलन) लेव्हलवर खर्च करा. मेलात तर हातातले रून्स तिथेच पडतात, आणि ते उचलायच्या आधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. खर्च केलेले मात्र कोणी काढून घेत नाही.